‘उचलायचे’ या शब्दाबद्दल

नमस्कार.

मानसिक आजारातलं अपंगत्व ‘आयडियाज’ मोजपट्टीने कसं मोजतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, मध्ये एक रात्र जाऊ दिली. आधी माझी चूक: त्या मोजपट्टीत आजाराच्या कालावधीला जास्तीत जास्त 5 गुण असं मी लिहिलं होतं, ते 4 आहेत. लेखात दुरुस्ती केली.

आता तुमचं हे वाक्य: “हातपाय धड असलेल्यांनी संजय गांधी निराधारचे पैसे उचलायचे आणि खऱ्या अपंगांनी रांगेत उभं राहायचं.” ‘उचलायचे’ हा शब्द मला लागला. पैसे लबाड माणूस उचलतो. माझा भाऊ लबाड नाही.

त्याला स्किझोफ्रेनिया होऊन 18 वर्षं झाली. अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे पहिल्यांदा न्यायचं होतं तेव्हा पहाटे उठवून मीच त्याला आंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. चार माणसांत नेताना कुठलीही बहीण हेच करेल. डॉक्टरांनी नाव, गाव, वार विचारला. त्याने बरोबर सांगितलं. प्रमाणपत्रावर टक्के आले 40 च्या आत, म्हणजे योजनेचा अर्ज तिथेच संपला. ‘आयडियाज’ मोजपट्टीत स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, संवाद आणि समज, काम असे चार भाग आहेत, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. कालावधीचे धरून 7 झाले की 40 टक्के. आंघोळ झालेली त्यांना दिसली. ती कोणी घातली, हे मला कोणी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला मी वही नेली: किती दिवस दार लावून बसला, किती वेळा ताट परत आलं, शेवटचं काम कधी सुटलं. तेव्हा घरच्यांचं ऐकून घेतलं गेलं आणि गुण 15 झाले. माणूस तोच, आजारही तोच.

आणि ‘खरे अपंग’ कोण, हे तुम्ही ठरवणार? मानसिक आजार 1995 च्या कायद्यात होता, 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांतही आहे. एवढं तरी वाचून लिहायला हवं होतं.

दोन बोर्ड एकाच माणसाला वेगवेगळे टक्के देतात, मग मोजपट्टीवर विश्वास का ठेवायचा, असंही तुम्ही विचारलंत. बोगस प्रमाणपत्रांचंही लिहिलंत. ते विषय वेगळे आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण तो शब्द वगळून. तो तसाच राहिला तर माझ्याकडून उत्तर येणार नाही.