भाच्याने मूल दत्तक घेतलं, आता तुम्ही काय कराल?

नागपुरातल्या लक्ष्मीनगरातला भाचा आणि त्याची बायको रविवारी घरी येतात. चहा झाल्यावर भाचा म्हणतो, "मामाजी, आम्ही मूल दत्तक घेऊन राहिलो." इथे गप्प राहिलात तर मामेपणाला बट्टा. आवाज उतरवून विचारा, "कोणात दोष निघाला?" मग दवाखान्यांनी भरलेल्या धंतोलीतला एखादा डॉक्टर सुचवा. गेली सहा वर्षं दोघं धंतोलीतल्याच पायऱ्या झिजवत होते, हे तुम्हाला माहीत नसणं सोयीचं.

भाचा सांगेल, 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी केली, पण रांग काही वर्षांची आहे. तुम्ही हसा. "रांगेत काऊन उभे राहता बाप्पा? आपल्या ओळखीत एक नर्सबाई आहे न!" ज्या माणसाचा गॅसचा नंबरही कधी ओळखीशिवाय लागला नाही, त्याला बाळाचा नंबर वेगळा का वाटावा?

हल्लीच्या पोरांची खोड अशी की ती कायदा वाचून येतात. भाचा सांगेल की बाळाची खरेदी-विक्री केली तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि दवाखान्यातल्या माणसाने केली तर ३ ते ७ वर्षं. तुम्ही म्हणा, "अरे, खर्चापाण्याचे देतो आपण, विकत थोडीच घेतो." (माझं विचाराल तर त्या बाईचा नंबर तुमच्या फोनमध्ये कसा, हे पोलिसांनी आधी तुम्हाला विचारावं. पण आज मी तुमच्या बाजूने लिहितोय.)

नर्सबाई जमली नाही तर घरातलंच सुचवा. धाकट्या वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, तिचं द्या की! रक्तही घरचंच राहतं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात असं घरच्या घरी घेता येतं, कोर्टाची पायरी लागत नाही. अडचण एवढीच की आईची संमती लागते, आणि एकदा दिलेलं मूल परत मागता येत नाही. वहिनीला कोणी विचारलं, असा प्रश्न आलाच तर पोहे वाढायला आत निघून जा.

वंशाचा मुद्दा शेवटी काढायचा, आणि तोही भोसल्यांच्या महालाकडे बोट दाखवून. १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता गेले, पुढच्याच वर्षी इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य घशात घातलं. दत्तकाला कोणी विचारलंही नाही. "पाहा, काय झालं ते!" ते रघुजी स्वतःच दत्तक येऊन ३५ वर्षं गादीवर बसले होते, एवढं मात्र बोलू नका. मुद्दा पातळ होतो.

मग समाजसेविका घर पाहायला येते. पगार, आजारपणं, नवराबायकोचं पटतं का, सगळं विचारते. दोघांच्या वयांची बेरीज ८५ च्या वर गेली तर दोन वर्षांखालचं बाळ मिळत नाही. तुमच्या तिन्ही पोरांच्या वेळी तुम्हाला कोणी बीपीसुद्धा विचारलं नव्हतं. तरी भाच्याला "जबाबदारी पेलवेल का?" हे तुम्हीच विचारायचं.

मग एके दिवशी पोर्टलवर बाळाची माहिती येते आणि होकार कळवायला ४८ तास मिळतात. तेवढ्या वेळात तुम्ही एकच प्रश्न विचारा, "रंग कसा आहे?"

मुलगी घरी आली की समाजसेविका दोन वर्षं दर सहा महिन्यांनी चौकशी करते. तुमच्या चौकशीला अशी मुदत नाही. तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला तर्री पोह्यांचा बेत असेल. बशी हातात घेऊन, तिला ऐकू जाईल अशा बेताने विचारा, "हिची खरी आई कोण?" तर्री मात्र जपून घ्या. तोंडात घास असताना बोललात की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि कोणाला काही सुचत नाही. तेवढ्यात ती पोरगीच दोन्ही हातांनी धरलेला पेला सांडत सांडत तुमच्यापर्यंत घेऊन येते. "मामाआजोबा, हळू प्या," म्हणते.