एवढं अवजड मशीन आणि मनगटाएवढी झाडं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

कमेंटबद्दल थँक्स, उत्तर जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं असं की फिनलंड-स्वीडनमध्ये कोवळ्या जंगलाच्या विरळणीत (म्हणजे दाटीतली काही झाडं काढताना) जळणासाठी हार्वेस्टर, म्हणजे झाडं तोडणारं अवजड मशीन, घालायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, त्यापेक्षा चेनसॉवाला माणूस बरा, आणि एका वेळी अनेक झाडं धरणाऱ्या हेडने (क्रेनच्या टोकाला असलेल्या कापणाऱ्या पंजाने) उत्पादकता दुप्पट होते तर खर्च निम्मा का होत नाही.

आधी हिशोब बघा, आकडे समजण्यापुरते धरलेत. मशीनचा तास 100 युरो, झाडामागे 30 सेकंद, म्हणजे तासाला 120 झाडं. झाड 20 लिटरचं (म्हणजे लाकडाचं घनफळ तेवढं) असेल तर 2.4 घनमीटर, घनमीटरला साधारण 42 युरो. झाड 60 लिटरचं असलं की वेळ काही तिप्पट लागत नाही, 36 सेकंद धरा, 6 घनमीटर होतात आणि खर्च 17 युरोच्या आत. मशीन तेच, ऑपरेटर तोच! खरी गोम झाडाच्या आकारात आहे.

अनेक झाडं धरणारं हेड काय करतं, तर एक खोड कापून पंजात उभंच धरून ठेवतं, क्रेन पुढच्या झाडाकडे जाते, तेही त्याच पंजात, आणि मग सगळी मोळी वाटेच्या कडेला आडवी टाकते. क्रेनच्या 45 सेकंदांच्या एका फेरीत 3 झाडं आली तर त्याच 20 लिटरच्या झाडांत घनमीटरला 21 युरो. पण खाली स्प्रूसची (एक सूचिपर्णी झाड) झुडपं दाटली असली की ऑपरेटरला बुंधाच दिसत नाही, क्रेन चाचपडत बसते आणि सगळा फायदा पाण्यात, म्हणून आधी झुडपं साफ करून घ्यावी लागतात आणि त्याचेही पैसे पडतातच.

आता खर्च निम्मा का नाही, तर निम्मी झाली ती फक्त तोडणी. पुढे फॉरवर्डर (तोडलेली झाडं जंगलातून रस्त्यापर्यंत वाहून आणणारं मशीन), चिपर (लाकडाचे बारीक तुकडे करणारं मशीन), ट्रक आहेतच. फांद्यांसकट झाडं भरली की फॉरवर्डरची जागा भरते पण वजन भरत नाही, त्यामुळे फेऱ्या वाढतात.

चेनसॉबद्दल तुमचं अर्धं बरोबर. अगदी बारीक झाडांत माणूस आजही मशीनला टक्कर देतो, पण झाडं नीट एकत्र टाकली नाहीत तर फॉरवर्डरवाला ती वेचत बसतो. आणि थांबून झाडं वाढू द्यायची म्हटलं तर तोडणी स्वस्त होते खरी, पण दाटीत खोडं शिडशिडीत राहतात आणि बर्फाच्या भाराने वाकतात. फिनलंड उगाच नाही यासाठी अनुदान देत, आधी केमेरा नावाची अनुदान योजना होती, 2024 पासून मेटका.

तुम्ही दिलेले उत्पादकतेचे आकडे निव्वळ कामाच्या तासाचे आहेत की 15 मिनिटांपर्यंतचे खोळंबे धरून? माझे खोळंब्यासकटचे आहेत. ते आणि झाडाचा सरासरी आकार कळवा, मग तुलना करू.