तुमच्या नाण्यांवरच्या डागांबद्दल, दुकानमालकाकडून

ताई, नमस्कार. दुकानाचा मालक म्हणून हे उत्तर मी स्वतः लिहितोय.

धनत्रयोदशीला आमच्या नौपाड्याच्या दुकानातून तुम्ही लक्ष्मीच्या छापाची 20 ग्रॅमची पाच नाणी आणि एक औंसाचं एक परदेशी नाणं नेलंत. चार महिन्यांत तीन नाणी डागाळली, परदेशी नाण्यावर पांढरे ठिपके आले. विचारायला आलात तर काउंटरवरच्या मुलाने "चांदी आहे, काळी पडणारच" म्हणून वाटेला लावलं. म्हणून तुम्ही लिहिलंत की 999 (म्हणजे 99.9 टक्के शुद्ध) सांगून भेसळीचा माल गळ्यात मारला.

आधी त्या मुलाच्या बोलण्याबद्दल मनापासून माफी मागतो. नाणं हातात घेऊन, भिंग लावून बघायला हवं होतं. ते त्याने केलं नाही, आणि त्याला ते शिकवलं नाही ही चूक माझी.

तुम्ही टाकलेले फोटो मी काल रात्री मोठे करून पाहिले. पहिल्या नाण्याची कड चहाच्या रंगाची झालीय, एका बाजूला निळसर काळी. ही हवेची करणी. चांदीला गंधकाचा वायू लागला की वर काळा थर धरतो, आणि ठाण्यात खाडी, नाले, दमटपणा यांची कमतरता नाही. शुद्ध चांदीही अशी काळवंडते, त्यामुळे काळेपणावरून भेसळ ठरत नाही.

दुसऱ्या नाण्यावर लक्ष्मीच्या कमळावरून पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ गेलीय. हवेने अशी रेघ येत नाही, ती रबरबँडची आहे. रबरात गंधक असतं आणि ते पातळ प्लॅस्टिकमधूनही चांदीला लागतं. पाचही नाण्यांची गड्डी करून रबर लावून देण्याची सवय आमच्याच काउंटरवर होती.

तिसऱ्या फोटोने मात्र मला झोप लागली नाही. कडेजवळचा तो डाग काळा नाही, हिरवट आहे आणि ओला असल्यासारखा चमकतोय. तुम्ही लिहिलंयत की बोटाला चिकट लागतं. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सुटणारं रसायन नाण्यावर बसलं की असं होतं. ती पिशवी तुम्ही बाजारातून आणलेली नाही, आमच्या दुकानाची आहे. दिसायला स्वच्छ, स्वस्त, म्हणून मीच घेत आलो. चांदी आयुष्यभर विकून पिशवीकडे मी लक्ष दिलं नाही, याची मला खरोखर लाज वाटते. आता त्या सगळ्या पिशव्या आणि रबरबँड काउंटरवरून काढलेत, नाणी कडक प्लॅस्टिकच्या डबीतच देतोय.

परदेशी नाण्यावरचे दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके ना तुमच्या कपाटातले, ना आमच्या दुकानातले. नाण्याची चकती धुताना वापरलेलं द्रव्य तिच्यावर राहून पुढे भट्टीत पक्कं होतं, असं त्याचं कारण सांगतात. ठिपके काही महिन्यांनी उमटतात, त्यामुळे विकताना ते कोणालाच दिसत नाहीत. कॅनडाच्या टांकसाळीने 2018 साली आपल्या मेपल लीफ नाण्यांवर याला आळा घालणारी प्रक्रिया सुरू केली, इतका हा त्रास जुना आहे. ठिपक्यांनी चांदी कमी होत नाही, पण नाणं देखणं राहत नाही. हे विकतानाच तोंडाने सांगायला हवं होतं.

भेसळीच्या शंकेसाठी माझ्या शब्दावर विसंबू नका. दुकानात मशीनवर तुमच्यासमोर टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून देतो. दुसऱ्या सराफाकडून काढून घ्यायचा असेल तर त्याचे पैसे मी भरतो. घरी छोटा वजनकाटा असेल तर त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. 20 ग्रॅम चांदीला काटा साधारण 1.9 ग्रॅम दाखवेल. तांबं किंवा जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर 2.2 च्या वर जाईल. (हे फक्त हिरवट डाग नसलेल्या नाण्यावर करा आणि लगेच टिपून कोरडं करा.)

डागाळलेली तीनही लक्ष्मीची नाणी बदलून देतो, कट नाही, घट नाही. परदेशी नाणं ठेवायचं नसेल तर खरेदीच्या पावतीवरची रक्कम किंवा परत आणाल त्या दिवशीचा चांदीचा भाव, जे जास्त असेल ते देतो.

एकच विनंती. घरातल्या कोणी सांगितलं तरी टूथपेस्ट, चिंच किंवा रांगोळी लावून नाणी घासू नका. डाग जाईल, पण टांकसाळीची झळाळीही जाईल. नेलपॉलिश काढायचं पाणीही लावू नका. हिरवट नाणं तेवढं त्या पिशवीतून आजच काढून साध्या पांढऱ्या कागदात ठेवा, आणि येताना ती पिशवीही घेऊन या. ज्या व्यापाऱ्याकडून मी पिशव्या घेतो, त्याला मला ती दाखवायची आहे.