एचपीची घसरण मूल्यांमुळे झाली नाही

उद्योजकांच्या ग्रुपांवर आणि लिंक्डइनवर एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सार तेच राहतं: ‘ह्युलेट-पॅकार्ड, म्हणजे एचपी, ही कॉम्प्युटर आणि प्रिंटर बनवणारी बलाढ्य कंपनी “एचपी वे” नावाच्या मूल्यांच्या आहारी गेली. कुणाला कामावरून काढायचं नाही, कर्ज घ्यायचं नाही, सगळ्यांवर विश्वास टाकायचा. त्यातून कंपनी सुस्तावली, तिचं इंटरनेट हुकलं. शेवटी बाहेरून कडक माणसं आणली, तेव्हा कुठे ती सावरली. म्हणून आधी धंदा. मूल्यं पोट भरल्यावर.’

मंदीची चाहूल लागली की हा मजकूर हमखास पुन्हा वर येतो आणि माणसं कमी करायच्या निर्णयाला आधार म्हणून पुढे केला जातो. त्यातलं एकेक वाक्य घेऊन बघू, कारण बहुतेक वाक्यं वस्तुस्थितीच्या उलट आहेत.

‘एचपी वे म्हणजे सगळ्यांना सांभाळून घेणं.’

बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड या स्टॅनफर्डच्या दोन इंजिनिअरांनी १९३९ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये एका गॅरेजात ५३८ डॉलरवर कंपनी सुरू केली. १९५७ साली शेअर बाजारात उतरताना त्यांनी वरिष्ठ सहकाऱ्यांना सोनोमा इथे एकत्र बसवून कंपनीची उद्दिष्टं कागदावर आणली. पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. १९६६ सालची यादी काढून पाहा. तिच्यात पहिल्या क्रमांकावर नफा आहे. ग्राहक, कामाचं क्षेत्र, वाढ हे त्यानंतर, आणि कर्मचारी त्याच्याही खाली. समाजाला आपण काय देतो याचं सर्वांत भरवशाचं माप म्हणजे नफा, असं या दोघांचं स्पष्ट म्हणणं होतं. याला मऊपणा कसं म्हणायचं?

आता कर्जाचं बघा. वाढीसाठी दीर्घ मुदतीचं कर्ज घ्यायचं नाही, जे वाढायचं ते स्वतःच्या नफ्यातून, हा त्यांचा नियम होता. पुण्याजवळच्या भोसरीतला कुठलाही कारखानदार, ज्याची सीसी लिमिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेने दिलेली उचलमर्यादा, महिन्याच्या पंधरा तारखेलाच संपते, तो सांगेल की हा नियम पाळणं किती कठीण आहे. त्यासाठी भरघोस मार्जिन लागतं. आपल्यासारखा माल दुसरा कुणी बनवत असेल तर मार्जिन मिळत नाही, म्हणून सतत नवं काहीतरी शोधून काढावं लागतं. नवं शोधणारे इंजिनिअर टिकले तरच ते जमतं. आणि ऑर्डर आली की भरती, ऑर्डर संपली की कपात, असं धोरण ठेवलं तर असे इंजिनिअर टिकत नाहीत. म्हणून अल्प मुदतीच्या मोठ्या सरकारी कंत्राटांच्या जोरावर माणसं भरायची आणि मग काढायची, हा धंदा आपण करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. कर्ज नको, नफा हवा, नवं हवं, माणसं टिकायला हवीत: ही चार वाक्यं एकमेकांना धरून आहेत. धंदा एका बाजूला आणि मूल्यं दुसऱ्या बाजूला असं तिथे काही नव्हतंच. एचपी वे हीच त्या कंपनीची व्यूहरचना होती. ती न समजता केलेली टीका पुढे प्रत्येक मुद्द्यावर घसरते.

विश्वासाचंही तसंच. पॅकार्ड उमेदवारीच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये होता. तिथे अवजारांवर आणि सुट्या भागांवर कडक पहारा असे, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, माणसं वस्तू उचलून नेत. एचपीत स्टोअर उघडं ठेवायचं असं ठरलं. एका सुट्टीच्या दिवशी ह्युलेट मायक्रोस्कोप घ्यायला प्लँटवर गेला, तर स्टोअरला कुलूप. त्याने बोल्ट कटर आणून ते तोडलं आणि पुन्हा इथे कुलूप लावू नका, अशी चिठ्ठी ठेवून गेला. इंजिनिअरला रविवारी डोक्यात आलेली कल्पना रविवारीच करून बघता आली पाहिजे, हा त्यामागचा व्यवहार. उघड्या स्टोअरमधून दोन-चार वस्तू गेल्या तरी त्या हिशेबात परवडतात.

‘माणसं न काढणं हा भावनेचा खेळ.’

१९७० साली अमेरिकेत मंदी होती आणि एचपीच्या ऑर्डर उत्पादनक्षमतेपेक्षा दहा टक्के कमी पडत होत्या. सरळ मार्ग होता दहा टक्के माणसं कमी करायची. कंपनीने त्याऐवजी एका आड एक शुक्रवार सुट्टी दिली, दोन आठवड्यांत दहाऐवजी नऊ दिवस काम, आणि पगार दहा टक्के कमी. महत्त्वाचं म्हणजे ही कपात वरपासून खालपर्यंत सगळ्यांना लागू होती. शॉपफ्लोअरवरच्या माणसाचा पगार कापला आणि साहेबाचा तसाच राहिला असं झालं नाही. साधारण सहा महिन्यांत ऑर्डर परत आल्या आणि पूर्ण आठवडा, पूर्ण पगार सुरू झाला.

त्या सहा महिन्यांनंतर एचपीकडे काय उरलं ते मोजा. अनुभवी माणसं सगळी जागेवर. ज्या स्पर्धकांनी कपात केली होती, त्यांना जाहिराती देऊन नवी माणसं घेऊन शिकवत बसावं लागलं. आपल्याकडे वाहन उद्योगात मंदी आली की पहिल्यांदा सीएनसीचा सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र कामाला लावून देणारा कारागीर जातो, आणि ऑर्डर परत वाढल्या की तोच सेटर शेजारच्या गाळ्यात दिसतो. मग रिजेक्शन वाढतं, डिलिव्हरी चुकते. हा खर्च पगारपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाही असं आपण धरून चालतो.

पुढे दोनच वर्षांनी, १९७२ साली, एचपी-३५ हा कॅल्क्युलेटर आला. ह्युलेटला टेबलावरचं अवजड गणनयंत्र शर्टाच्या खिशात मावेल एवढं करून हवं होतं. बाजाराची पाहणी केली, तर निष्कर्ष निघाला की एवढं महाग यंत्र कुणी घेणार नाही. इंजिनिअर तेव्हा स्लाइड रूलवर, म्हणजे हिशेबाच्या सरकत्या पट्टीवर काम भागवत, आणि हे यंत्र ३९५ डॉलरचं. तरी त्यांनी ते काढलं. दहा हजार खपले तर खर्च निघेल असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी एक लाख खपले. स्लाइड रूल काही वर्षांतच कपाटात गेला. असा जुगार खेळायला कर्ज नसलेला ताळेबंद लागतो आणि सहकाऱ्यांवर वर्षानुवर्षं भरवसा ठेवलेले इंजिनिअर लागतात. दोन्ही गोष्टी त्या ‘मऊ’ मूल्यांनीच जमवून ठेवल्या होत्या.

‘या मूल्यांमुळे कंपनी सुस्तावली, इंटरनेट हुकलं.’

सुस्ती आली होती, हे खरंच आहे. १९९०च्या आसपास कॉम्प्युटरच्या कामात समित्यांवर समित्या बसल्या होत्या. साधा निर्णय चार ठिकाणी फिरून यायचा. शेअर घसरला होता. पण त्यावर उपाय कुणी केला? निवृत्तीकडे झुकलेले पॅकार्ड आणि ह्युलेट, सत्तरी ओलांडलेले, परत लक्ष घालू लागले. प्लँटवर जाऊन माणसांशी बोलले, समित्या मोडल्या आणि निर्णयाचे अधिकार पुन्हा विभागांकडे दिले. १९९२ साली प्रमुखपदी ल्यू प्लॅट आला, तोही १९६६पासून कंपनीतच असलेला. छोटे स्वायत्त विभाग हा एचपी वेचा गाभा. तो सुटला होता म्हणून सुस्ती आली, आणि परत धरला तेव्हा ती गेली. १९९२ साली सुमारे १६ अब्ज डॉलर असलेली विक्री १९९८ साली ४७ अब्जांवर गेली.

प्रिंटरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९८४ साली लेझरजेट आला आणि तुफान चालला. तरीही कंपनीच्याच दुसऱ्या विभागाने शाईच्या प्रिंटरवर काम चालू ठेवलं आणि १९८८ साली हजार डॉलरच्या आतला डेस्कजेट आणला. आपल्याच घरातल्या चालत्या मालाला आपणच स्पर्धक उभा करायचा, हे सुस्त कंपनीचं लक्षण नाही. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि सीएंच्या ऑफिसांत वर्षानुवर्षं जे एचपीचे प्रिंटर खडखडत होते, ते याच स्वायत्ततेचं फळ.

इंटरनेटच्या लाटेत मात्र एचपी मागे राहिली, हे मान्य. नव्या वेबकंपन्यांनी सन मायक्रोसिस्टिम्सचे सर्व्हर उचलले. पण त्याचं कारण प्रेमळ कार्यसंस्कृतीत शोधणं चूक आहे. १९९४ साली एचपीने इंटेलबरोबर नव्या प्रोसेसरवर मोठी पैज लावली. तो इटेनियम यायला २००१ साल उजाडलं, आणि मधली वर्षं सनने खाल्ली. तांत्रिक पैज चुकली, आणि तशी ती कडकात कडक कंपनीचीही चुकते. तिचं खापर मूल्यांवर फोडायला काहीच आधार नाही.

‘बाहेरून कडक माणसं आणली तेव्हा ती वाचली.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण इथे घटनाक्रमच उलटा केला आहे.

१९९९च्या जुलैमध्ये ल्युसेंट या दूरसंचार उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतून कार्ली फिओरिना प्रमुखपदी आल्या. २००१च्या उन्हाळ्यात धंदा मंदावला तेव्हा कंपनीने कर्मचाऱ्यांना विचारलं की तुम्ही स्वखुशीने पगारात किंवा हक्काच्या रजेत कपात घ्याल का. ऐंशी हजारांहून जास्त माणसांनी होकार दिला. १९७०ची आठवण त्या कंपनीत जिवंत होती, म्हणून त्यांनी तो दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जुलै संपायच्या आत, सहा हजार नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर झालं. ज्या माणसाने कंपनीसाठी आपल्या पगारातून पैसे सोडले, त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार करा. पुन्हा कधी कंपनीने असं काही मागितलं असतं, तर त्याने दिलं असतं का? तीस वर्षांत जमवलेली पत एका महिन्यात खर्च झाली. ही गोष्ट कुठल्याही ताळेबंदात सापडत नाही, पण एचपीच्या पुढच्या दशकाचा पाया इथे घातला गेला असं माझं ठाम मत आहे.

सप्टेंबरमध्ये कॉम्पॅक ही कॉम्प्युटर बनवणारी कंपनी विकत घेण्याची घोषणा झाली आणि शेअर एका दिवसात जवळपास पाचव्या भागाने पडला. संस्थापकांच्या वारसांनी, वॉल्टर ह्युलेटने तर उघड मोहीम काढून, विरोध केला. मार्च २००२ मधल्या मतदानात विलीनीकरण निसटत्या फरकाने मंजूर झालं. त्याचा फायदा काहीच झाला नाही असं मी म्हणणार नाही. कॉम्पॅकचे सर्व्हर उत्तम होते आणि २००६च्या सुमारास पीसीच्या विक्रीत एचपीने डेलला मागे टाकलं. पण फिओरिनांना फेब्रुवारी २००५ मध्ये संचालक मंडळानेच दूर केलं होतं.

नंतर प्रमुखपदी आलेल्या मार्क हर्ड यांच्या काळात शेअर आणि नफा दोन्ही चढले, आणि फिरणारा मजकूर बहुधा याच वर्षांकडे बोट दाखवतो. ती चढाई कशावर झाली ते आकड्यांत आहे. २००५ साली संशोधनावर साडेतीन अब्ज डॉलर, म्हणजे विक्रीच्या चार टक्के खर्च होत होता. २००९ साली विक्री ११४ अब्जांवर गेली आणि संशोधनाचा खर्च २.८ अब्जांवर, म्हणजे अडीच टक्क्यांपर्यंत खाली आला. मधे ईडीएस ही सेवा देणारी मोठी कंपनी घेतल्याने टक्केवारी थोडी घसरणं साहजिक होतं, पण इथे रक्कमच कमी झाली. बियाणं विकून दिवाळी साजरी केली तर त्या वर्षी घर नक्कीच उजळतं.

कोठार रिकामं झाल्याचं लगेच दिसलं. स्वतःचं काही नव्हतं म्हणून २०१० साली मोबाइलसाठी पाम ही स्मार्टफोन बनवणारी कंपनी विकत घेतली. तिच्या तंत्रज्ञानावर आधारलेला टचपॅड हा टॅबलेट १ जुलै २०११ रोजी बाजारात आला आणि १८ ऑगस्टला बंद करण्यात आला. त्याच दिवशी पीसीचा धंदा वेगळा काढण्याचा विचार आणि ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी दहा अब्जांहून जास्त किमतीला घेण्याची घोषणा. पुढच्या वर्षी ८.८ अब्ज डॉलर बुडीत दाखवावे लागले. त्याआधी २००६ साली संचालक आणि पत्रकारांच्या फोनची माहिती कंपनीने खोट्या ओळखीने मिळवल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांना जावं लागलं. २०१० साली खुद्द हर्ड यांना कंपनीच्या आचारसंहितेच्या उल्लंघनावरून पायउतार व्हावं लागलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले. एचपी ‘वाचली’ असं म्हणणाऱ्याने हा सगळा काळ हिशेबात धरायला हवा.

‘मूल्यं पोट भरल्यावर.’

१९४०च्या दशकाच्या सुरुवातीला, कंपनी अगदी लहान असताना, एका कामगाराला क्षयरोग झाला आणि त्याला दोन वर्षं घरी राहावं लागणार होतं. कंपनीने त्याला मदत केली, आणि त्या कुटुंबाची ओढाताण पाहून सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी मोठ्या आजारपणाचा विमा सुरू केला. उत्पादनावर सर्वांना बोनस देण्याची पद्धतही त्याच सुरुवातीच्या वर्षांतली. तेव्हा पोट भरलेलं नव्हतं.

मूल्यं पाळणाऱ्याला कपात कधीच करावी लागत नाही, असा दावा मी करत नाही. १९९९ साली एचपीने आपला मूळ, मोजमाप उपकरणांचा धंदा एजिलेंट नावाने वेगळा काढला. त्याच २००१ साली एजिलेंटवरही तोच प्रसंग आला, आणि तिथे प्रमुख होता नेड बार्नहोल्ट, एचपी वेमध्येच मुरलेला. आधी सरसकट दहा टक्के पगारकपात केली. ती पुरली नाही तेव्हा ऑगस्टमध्ये चार हजार जणांना कमी करावं लागणार असल्याचं त्याने ध्वनिक्षेपकावरून स्वतः सांगितलं: का, किती आणि कसं, हे सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी ती कंपनी अमेरिकेतल्या काम करायला चांगल्या कंपन्यांच्या यादीत होती. एकाच घराण्यातल्या दोन कंपन्या, एकच मंदी, दोघींनीही माणसं कमी केली. त्यांतल्या एकीच्या कर्मचाऱ्यांना ही बातमी प्रमुखाच्या तोंडून कळली, आणि दुसरीच्या कर्मचाऱ्यांना ती स्वतःचा पगार सोडून दिल्यानंतर कळली.