पसरणी घाट चढण्यापूर्वी

पोराला घेऊन तुम्ही पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत प्रवेशाच्या ज्या मुलाखतीला निघालात, ती कायद्याने होतच नसते, हे आधी ध्यानात घ्या. शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १३. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश देताना त्याला किंवा त्याच्या आईबापांना कसलीही चाळणी लावायची नाही. लावली तर पहिल्या खेपेला २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे दर खेपेला ५०,००० पर्यंत. तेव्हा तिथं कोणी प्रश्न विचारलेच, तर त्या गप्पा समजाव्यात. गप्पा झाल्यावर यादी लागते, इतकंच. देणगीलाही त्याच कलमात मनाई आहे, म्हणून आकडा ऐकू आला तरी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घ्यावी.

तयारी घरापासून सुरू करा. सगळ्यात आधी आजीला दोन महिने लेकीकडे कऱ्हाडला धाडा. ती घरात असली की पोरगं सरावात ‘माय फेव्हरेट फूड इज पास्ता’ म्हणतं न म्हणतं तोच आतून आवाज येतो, “आरं, सकाळी तर झुणका-भाकर हाणलीस की रं!” एरवी आजीसारखं माणूस नाही, पण या दिवसांत खरं बोलणारं कोणी घरात परवडत नाही.

मग छंद. पोराला शर्यतीच्या बैलांची नावं मालकासकट पाठ आहेत, हे मरेस्तोवर सांगू नका. गावच्या विहिरीत काठावरून मुटका मारतं, हेही नाही. शाळेला तलाव आहे, त्याचे पैसे फीत धरलेत. आधीच पोहता येतं म्हटलं तर त्यांनी शिकवायचं काय? त्यापेक्षा बुद्धिबळ सांगा. घरात पट नसला तरी चालतो. फक्त उंट तिरका जातो एवढं त्याला माहीत असू द्या.

बापाची तयारी जरा अवघड आहे. ‘काय करता?’ या प्रश्नाला ‘शेती’ हे उत्तर नाही. ‘ॲग्री-बिझनेस’ म्हणा आणि हाताची नखं टेबलाखाली ठेवा. फीच्या तारखा सांगितल्या की मान हलवा. ऊस नियंत्रण आदेश १९६६, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, हे तुम्हाला तोंडपाठ असलं तरी ‘कारखान्याचं बिल निघालं की भरतो’ असं तिथं बोलू नका. तुमचं बिल कायद्याने वेळेवर निघतं आणि ही मुलाखत कायद्याने होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत काढल्या तर सगळ्यांचीच पंचाईत.

आता खरा प्रश्न. ‘बोर्डिंगच का?’

खरं कारण तुम्हालाही ठाऊक आहे. भावकीतलं एक पोरगं गेल्या वर्षी वर पाचगणीला शिकायला गेलं आणि दिवाळीला येऊन काट्याचमच्याने चकली खाऊ लागलं. चकलीचे तुकडे पार सोप्यापर्यंत उडाले, पण त्या दिवसापासून तुमच्या मंडळींना झोप नाही. शिवाय पोराच्या हातातून मोबाइल काढून घ्यायची ताकद घरात कोणाकडेच उरलेली नाही. ती फी भरून विकत घ्यायची आहे. हे काही सांगता येत नाही. म्हणून सगळे बाप जे सांगतात तेच सांगा: “त्याला स्वावलंबी करायचंय.”

हे वाक्य बोलताना पोराचं दप्तर तुमच्या खांद्यावर नसावं. बहुतेकांची चूक इथंच होते. बाप दप्तर धरून, आई रुमालाने पोराचं तोंड पुसतेय, ‘बेटा, तुझं नाव काय?’ या प्रश्नाला दोघं एकदम उत्तर देतायत, आणि विषय काय, तर स्वावलंबन. आईने किमान पोराच्या नावापुरतं तरी थांबावं.

आणि स्वावलंबनाच्या भरात भाऊराव पाटलांचं नाव घेऊ नका. सातारकराच्या जिभेवर ते आपोआप येतं, म्हणून बजावतो. त्या माणसानेही याच जिल्ह्यात बोर्डिंगच काढलं होतं. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह; १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, कामं त्यांची त्यांनीच करायची. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. तिथं बापाला आत घेऊन इंग्रजीत प्रश्न विचारल्याचं काही वाचनात नाही. उलट भाऊरावच गावोगाव हिंडून पोरं गोळा करायचे. हे सगळं त्या गालिच्याच्या खोलीत काढलंत तर वातावरण बिघडेल. त्यातून चुकून ‘कमवा आणि शिका’ म्हणून गेलात, तर फी पोरगं कमवून भरणार की काय, अशी त्यांना शंका येईल.

पाचगणीची माहिती मात्र असू द्या. उंची सुमारे १३०० मीटर, जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने वसवलेलं गाव, सिल्व्हर ओकची झाडं. इथं शिकून मोठं कोण झालं, असं कोणी विचारलं तर जपून. झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा इथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला, शाळेतच मित्रांबरोबर बँड काढला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. हे ऐकून शेजारी बसलेल्या आजोबांच्या तोंडून “म्हंजी एवढं पैसं भरून गाणीच म्हणायची व्हय?” असं निघता कामा नये. आजोबांनाही कऱ्हाडलाच धाडा.

प्रवासाचं थोडक्यात: वाईच्या पुढं घाटात पोराला उलटी होणार. इस्त्रीचा शर्ट वर पोचल्यावर घाला. कंदी पेढ्यांचा पुडा गाडीतच राहू द्या. यादी लागायच्या आधी दिला तर त्याला वेगळं नाव आहे.

नाहीच जमलं, तर साताऱ्यातच सैनिक स्कूल आहे. १९६१ सालचं, देशातलं पहिलं. पण ती वाट अगदी शेवटची ठेवा. तिथं लेखी परीक्षा असते, पेपर पोरालाच सोडवावा लागतो, आणि तुम्ही कितीही तयारी केली असली तरी बापाला आत सोडत नाहीत.