‘सोसवेल तितकं कढत’ हे मधुमेहींना सांगू नका

‘शुगरवाल्यांच्या पायाची आग, भेगा, खाज सात दिवसांत गायब’ असा एक मेसेज सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. परळला राहणाऱ्या माझ्या मावशीला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिळाला. तिचा मधुमेह जुना, तळपायाला कायम मुंग्या. आता ती रोज रात्री टबात पाय बुडवून बसते. वर मला तो मेसेज ‘तुझ्या सासूबाईंनाही पाठव’ म्हणून पाठवला. सासूबाईंना तो जाणार नाही. मावशीला आणि तिच्या ग्रुपला हे उत्तर.

मेसेजातला पहिलाच सल्ला सर्वांत घातक आहे: ‘सोसवेल तितक्या कढत पाण्यात दोन मुठी खडेमीठ टाकून पाय अर्धा तास बुडवा. रक्त मोकळं होतं, आग थांबते.’

सोसवतंय की नाही हे ठरवायचं कुणी? पायानेच ना? आणि मधुमेहात बिघडते ती नेमकी पायाचीच जाणीव. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होतात, त्यातही सर्वांत लांब नसा आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ताही लागत नाही. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून ‘लागतंय का’ विचारतात ते यासाठीच, आणि बरेच जण तिथे डोळे मिटून गप्प बसतात, कारण त्यांना काहीच लागलेलं नसतं.

मावशी म्हणाली, ‘अगं, आग होते म्हणजे पाय जिवंत आहे.’ हाच गैरसमज मेसेज लिहिणाऱ्याचा आहे. खराब झालेली नस आतून आग होत असल्याचे खोटे निरोप पाठवत राहते आणि बाहेरचा खरा चटका मात्र कळवत नाही. एकाच पायात दोन्ही एकाच वेळी चालू असतं. म्हणजे ज्यांच्या पायांची आग होते त्यांना शोधून हा मेसेज कढत पाण्यात पाय घालायला सांगतोय, आणि भाजण्याचा धोका त्यांनाच जास्त आहे. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, ५० अंशाच्या पाण्याला काही मिनिटं पुरतात. मेसेज अर्धा तास सांगतो! सकाळी फोड दिसतो, तो फुटतो, आणि साखर चढी असली, पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असला, की ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पाय कापण्यापर्यंत गेलेल्या कितीतरी प्रकरणांची सुरुवात अशाच फुटकळ जखमेने झालेली असते.

‘इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूट’ हा तज्ज्ञांचा गट १९९९ पासून जगभरातल्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढतो. त्यांचं सांगणं स्पष्ट आहे: पाय रोज धुवा, पण पाणी ३७ अंशांच्या खाली हवं, म्हणजे जेमतेम कोमट. ते पायाने नाही, कोपराने तपासा किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला हात घालून बघायला सांगा. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर वापरू नका, हेही त्यांनी लिहिलंय. शिवाय तासन्‌तास भिजवल्याने कातडीतलं तेल निघून जातं आणि भेगा वाढतात. मिठाने त्यात काही सुधारत नाही. आग सहन होत नसेल तर डॉक्टरांना सांगा. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी नसांच्या दुखण्यावरची औषधं आहेत, ती त्यांच्या सल्ल्याने घेता येतात.

दुसरा सल्ला: ‘पहाटे दवात अनवाणी चाला, नसा जाग्या होतात.’ मेलेली नस गवतावर चालून जागी होत नाही. बाभळीचा काटा, काच, खिळा रुतून बसला तरी बधिर पायाला कळत नाही. त्याच सूचनांत, धोका असलेल्या पायांनी घरातसुद्धा अनवाणी फिरू नये, नुसत्या मोज्यांवरही नाही, असं म्हटलंय. आपल्याकडे नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालण्याचा नवस असतो. तो करणाऱ्या मधुमेही बायका मी पाहते आणि जीव खालीवर होतो. देवीसाठी दुसरा कुठलाही नेम धरा, हा नको.

‘खोबरेल तेल सगळीकडे चोळा.’ हे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. नसा बिघडल्या की पायाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडून फाटते, आणि टाचांना, पोटऱ्यांना खोबरेल, व्हॅसलीन किंवा युरियाचं क्रीम लावलं तर फायदाच होतो. पण ‘सगळीकडे’ नाही. बोटांच्या बेचक्यांत तेल लावलं की ओल राहते आणि चिखल्या होतात. मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या बुटांनी त्या तशाही होतातच. बेचके टिपून कोरडे ठेवा, तसंच जांघा आणि स्तनांखालच्या घड्या. तिथे लाल होऊन चुरचुरलं तर मेडिकलमधून कुठलीही स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका, बुरशी वाढते. पायाला भेग असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी घ्या, हे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ते ऐका.

कुरूप ब्लेडने काढणं, जखमेवर हळद-चुना भरणं: दोन्ही नाही. कुरुपावर चिकटवायची कॉर्न कॅपही नको, तिच्यातलं आम्ल बाजूची चांगली कातडीही खातं, आणि चुना तर सरळ भाजतो. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडा गॉझ लावा, दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवा. पाय लाल, गरम, सुजलेला असेल, वास येत असेल किंवा बोट काळं पडत असेल, तर त्याच दिवशी केईएम, सायन, नायर, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

शेवटचा मुद्दा: ‘गोळ्यांची उष्णता कातडीवर निघते, पंधरा दिवस गोळ्या बंद ठेवा.’ यातही एक कण खरा आहे म्हणून लोक फसतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीच्या जागी बुरशी होऊन खाज आणि आग होऊ शकते. याला उष्णता म्हणत नाहीत. साध्या पाण्याने धुणं, कोरडं ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं बुरशीवरचं औषध याने ते बहुतेकदा बरं होतं. लाज वाटून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी बदलायची की नाही ते ठरवतील. मनाने बंद केली तर साखर चढते, आणि चढलेली साखर खाज, बुरशी, जखमा सगळंच वाढवते. मावशीच्या गोळ्यांची पाकिटं मी पाहिली, त्यांत या गटातलं औषध नाहीच. तिच्या गोळ्या चालू राहतील.