हात सैल सोडा, पण आधी एफ-आठ दाबा

संगणकावर नकाशे काढायच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढणं हे पुण्यकर्म आहे. अंक टाका, एंटर मारा, भिंत तय्यार, आणि ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत खरी. साइट प्लॅनवर एक झाड काढायचं म्हटलं की मात्र आम्हा ड्राफ्टिंगवाल्यांचं पाप उभं राहतं. झाड वाकडंच असावं लागतं, आणि ज्या सॉफ्टवेअरचा सगळा जन्म सरळ रेघा ओढण्यात गेला, त्याला वाकडं काढायला सांगणं म्हणजे तालमीतल्या पैलवानाला लाजून चालायला सांगणं.

ही खोड घराण्यातलीच आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँडनं एमआयटीत पडद्यावर प्रकाशलेखणीनं रेखाटायचा प्रोग्रॅम दाखवला. नाव स्केचपॅड, पण करामत कुठली? तुम्ही अंदाजानं ओढलेल्या रेघा ताठ आडव्या-उभ्या करून देण्याची! वंशजांकडून वेगळी अपेक्षा कशाला ठेवायची?

तरी एक कमांड आहे. नाव स्केच. बाकीच्या कमांडला आकडे दिले की त्या खूश होतात, हिला रेघ ओढताना आकडे चालत नाहीत. हिला फक्त हात हवा. क्लिक केलं की लेखणी टेकते, माऊस फिरेल तशी रेघ उमटते, पुन्हा क्लिक केलं की लेखणी उचलली जाते. शेवटी एंटर. सवयीनं एस्केप दाबलंत तर सगळं रेखाटन गेलं. आणि आमचं डावं करंगळीशेजारचं बोट एस्केपवरच वाढलेलं असतं.

हात मोकळा सोडण्याआधीची तयारीच मोठी. एफ-आठ दाबून ऑर्थो, म्हणजे रेघ फक्त आडवी-उभी ठेवणारी सोय, बंद करा, नाहीतर तुमचं डेरेदार आंब्याचं झाड पायऱ्यांच्या विहिरीसारखं निघतं. एफ-नऊनं स्नॅप, म्हणजे कर्सरला ठरावीक अंतरावरच्या बिंदूंवर खेचणारी सोय, बंद करा, नाहीतर तेच झाड चौकटीच्या वहीवर काढल्यासारखं दिसतं. मग टाइप निवडायचा: लाइन (सुटे तुकडे), पॉलीलाइन (जोडलेल्या तुकड्यांची एकच रेघ) की स्प्लाइन (गुळगुळीत वक्र). इथं घाईत लाइन राहिली तर प्रत्येक कण सुटा. झाड हलवायला निवडता तेव्हा एक काडी हातात येते आणि उरलेलं झाड जागेवर. पीएडिट या पॉलीलाइन दुरुस्त करायच्या कमांडमध्ये मल्टिपल आणि जॉइन करून ती मोळी बांधता येते, पण आधीच पॉलीलाइन घेतली असती तर मोळी बांधायची वेळच आली नसती.

खरी मेख इन्क्रिमेंटमध्ये आहे. लेखणीनं किमान किती अंतर कापलं की नवा तुकडा नोंदवायचा, त्याचा हा आकडा. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये तो १ असतो. एक काय? तर एक ड्रॉइंग युनिट. आता ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर हा तुकडा झाला एक मीटरचा. चार मीटर व्यासाच्या झाडाचा घेर साडेबारा मीटर, म्हणजे जेमतेम बारा तुकडे. झाडाऐवजी बारा कोनांचा नट तयार, फक्त पाना आणायचा बाकी.

मिलिमीटरमध्ये उलटी गंमत. चाळीस मीटर रुंद प्लॉट १९२० पिक्सेलच्या पडद्यावर मावला की एक पिक्सेल झाला एकवीस मिलिमीटरचा. एक मिलिमीटरच्या इन्क्रिमेंटला मग काही अर्थच राहत नाही. कर्सर पिक्सेलभर सरकला तरी तुकडा नोंदवला जातो, आणि कर्सर आडवा, उभा किंवा तिरका एवढंच सरकतो. परिणाम: करवतीच्या दात्यांची पानं आणि फुगलेली फाइल. १:१०० ला छापायचं असेल तर इन्क्रिमेंट १०० ठेवावा. कागदावर तो एक मिलिमीटर होतो आणि पडद्यावर पाच पिक्सेलच्या आसपास. चार मीटरचं झाड मग सव्वाशे तुकड्यांत बसतं, आणि हात थोडा थरथरला तरी तो पानांचा सळसळाट म्हणून खपतो.

ओढा काढायचा असेल तर आणखी एक खोडी आहे. काठाला तुटक रेघ लावता, आणि ती सलगच दिसते. एलटीस्केल, म्हणजे तुटक रेघेच्या नमुन्याचं माप, खाली-वर करून डोकं पिकतं. कारण साधं आहे: प्रत्येक तुकडा रेघेतल्या एका डॅशपेक्षाही आखूड, तर तुटायला जागाच कुठली? पॉलीलाइन असेल तर पीलाइनजेन ही सेटिंग १ करा, म्हणजे नमुना कोपऱ्याकोपऱ्याला नव्यानं सुरू न होता सलग धावतो. सुट्या लाइन असतील तर इलाज एकच, आधी मोळी. (आणि ओढ्याच्या या काठावरून प्लॉटचं क्षेत्रफळ काढायला जाऊ नका. हद्द मोजणीच्या बिंदूंवरून पॉलीलाइननंच काढायची. मोकळ्या हातानं काढलेल्या हद्दीवर भाऊबंदकी लवकर उगवते.)

मग हॅच. झाडात हिरवं भरायला जावं तर हद्द बंद नाही म्हणून सॉफ्टवेअर हात वर करतं. सुरुवातीच्या बिंदूवर बरोबर येऊन थांबणं माऊसनं जमत नाही, आणि जमवायच्या नादात रेघ पुढं निघून गेली की शेपटी उरते. म्हणून सुरुवातीच्या किंचित अलीकडेच लेखणी उचलावी, एंटर मारावा, आणि पीएडिटमधल्या क्लोजला उरलेली फट बुजवू द्यावी.

ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या शाईच्या पेननं काढताना चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडायची सोय होती. आणि तिथं वाकडेपणाला हात म्हणत. इथं वाकडेपणा बरा दिसावा म्हणून वेगळी यंत्रणा आहे: व्हिज्युअल स्टाइल्समध्ये स्केची नावाची शैली. काटेकोर मॉडेलच्या कडा ती मुद्दाम थरथरत्या करते, कोपऱ्यांत रेघा थोड्या पुढं काढते. थरथर किती हवी तेही निवडता येतं, कमी, मध्यम, जास्त. आमच्या हाताची थरथर फुकट होती, तिला कुणी विचारलं नाही.

इतकं करून एक झाड जमतं. साइटवर हवी असतात चौदा. ब्लॉक करून, म्हणजे सगळ्या रेघांची एकच वस्तू बनवून, कॉपी मारली की चौदाही झाडांना ईशान्येला एकच टेंगूळ दिसतं, जणू सगळी एकाच सुईणीच्या हातून निघालीत. ती नैसर्गिक दिसावीत म्हणून मग एकेक झाड निवडायचं, रोटेट द्यायचं आणि कीबोर्डवर आकडे टाकायचे: ३७, ११२, २०५, २८८…